तीन बोटं

सकाळी बेसिनपाशी गेले तर छोटू स्टुलावर उभा राहून आरशात बघत तोंडात बोटं घालत होता, एकावर एक उभी धरून, अगदी मी घालते तशी. "आई माझी तीन जातात, तुझी किती?" मी काही न बोलता डबा भरायला निघून गेले.

माझी दोन जातात, तिसरं अडकतं, तोंड तेवढंच उघडतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी लावली तेव्हा २८ मिलिमीटर, आधीच्या वेळीही तेवढंच. कॅन्सर नाही म्हणाले, पण दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. त्यातलं पहिलं वाक्य ह्यांनी ऐकलं आणि दुसरं मी. हे तर पार्किंगमधूनच आईंना फोन करून मोकळे, काही नाहीये म्हणून. मग भाजीत मिरची घातली की माझ्या तोंडाची आग होते ते काय आहे?

आजारी आहे म्हणावं तर आजारी नाही, बरी आहे म्हणावं तर गाल आतून ताठ झालेत, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, ते आता पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही मी. नुसती सुपारी, जेवल्यावर, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधे एक पाकीट. पूजेत गणपती म्हणून मांडतो ती, तिच्याबद्दल कोण शंका घेणार. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो हे २००४ सालापासून छापून आलेलं आहे म्हणे, मला कळलं तोंड उघडेना तेव्हा. आणि ताई विचारते, एवढी कशाला खायचीस. जाऊ दे.

केरळातल्या एर्नाकुलमच्या एका जुन्या अभ्यासाबद्दल वाचलंय, असेच ६६ पेशंट, १७ वर्षांपर्यंत बघितले, ५ जणांना कॅन्सर झाला. दिवसा कामात असले की मी त्या ६१ मधली असते, हिशोबच तसा आहे ना. रात्री जीभ गालावरून फिरवते आणि कुठे खरखरीत लागलं की ते ५ जण कोण होते, त्यांनीही सुपारी सोडली होती का, हेच डोक्यात. आकडा तोच असतो, पण रात्री तो मावत नाही.

सोडून १४ महिने झाले. ताठपणा वाढला नाहीये. २८ म्हणजे २८, एवढं तर माझ्या हातात राहिलं.

संध्याकाळी त्याने परत विचारलं. म्हटलं, ये, तूच मोज. आ केला. त्याची इवलीशी बोटं, एक, दोन, तीन. "बाबा, आईची पण तीन जातात!" ओरडत आत पळाला.