बारके मणी आणि शेंगाचटणी

आमच्या सोलापुरात द्राक्षं म्हणजे नान्नजची, सोनाका जातीची, खायची नाहीतर बेदाणा करायचा, त्यामुळं अकलूजकडं वाईनची बाग बघायला गेलो तर मामा म्हणाले हे बारके मणी कोण खाणार रे! खाल्ले तर साल जाड, आत बिया, पण गोडी लई. बागवाल्यांचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना (आपल्याकडं दोन भाऊ एका बांधावर टिकत नाहीत, जाऊ दे). व्हाईट वाईनला रस आधीच पिळून सालं बाजूला काढतात आणि मग १२ ते १८ डिग्रीला थंड टाकीत निवांत आंबवतात, म्हणून तर वास टिकतो. दोन व्हाईट वाईन चाखल्या, सोव्हिन्यों ब्लाँ आंबट-हिरवट, मला शेनिन ब्लाँ आवडली. मामांनी पिशवीतून शेंगाचटणी काढली.