भाच्याची रेग फाईल
जूनचा पहिला आठवडा, अमळनेरात कपाशीच्या बियाण्याला ही गर्दी, आणि नेमका तेव्हाच आप्पांचा फोन, "भाऊ, बिलच निघत नाही, लवकर ये." गेलो तर कृषी केंद्राच्या काउंटरपुढं आठ-दहा शेतकरी उभे, आप्पा हातानं बिलं फाडताय, अन् एक बाबा मलाच विचारतो, "काय व्हयनं भाऊ?"

झालं असं की आप्पांच्या भाच्यानं आदल्या रात्री व्हिडिओ बघून विंडोज १० वर रेग फाईल, म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) नोंदी बदलणारी फाईल, मारली होती, पीसी रॉकेट होईल म्हणे. बॅकअप? नाही. सिस्टिम रिस्टोर? तेही बंद.

फाईल नोटपॅडमधे उघडली, चाळीसेक ओळी, निम्म्या जुन्या विंडोज एक्सपीच्या जमान्यातल्या. एका ओळीत प्रिंट स्पूलरची (प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरला देणारी सर्व्हिस) स्टार्ट व्हॅल्यू ४, म्हणजे सर्व्हिसच डिसेबल, प्रिंटर कुठून चालणार! ती २ केली, रिस्टार्ट मारला, बिल करकरत बाहेर आलं. पण त्या रिस्टार्टलाच साडेतीन मिनिटं गेली. बघतो तर प्रीफेचर पण ३ चा ० केलेला. बूट होताना लागणाऱ्या फाईली विंडोज त्याच्या जोरावर आधीच ओढून ठेवतं, फिरत्या डिस्कला तेवढाच आधार, तोही काढून घेतला.

तो ३ केला तरी फार फरक नाही. टास्क मॅनेजरमधे डिस्क १००%, सीपीयू निवांत. ५४०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क, अजून काय. संध्याकाळी सगळं एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, जसंच्या तसं क्लोन केलं, मोबाईलवर रिस्टार्टचा टाइम लावला, २२ सेकंद. मग खाज म्हणून स्पूलरची ओळ उडवून भाच्याची फाईल परत मारली अन् तीनदा रिस्टार्ट केलं: २२, २३, २२.

हसायला तोंड नाही म्हणा मला, एक्सपीच्या वेळी मी पण रजिस्ट्री क्लीनर फिरवून दोनशे रुपये घ्यायचो. हजारभर एरर निघाल्या की गिऱ्हाईक खूश. पण विंडोज काही सगळी रजिस्ट्री वाचत बसत नाही, लागेल तीच 'की' (नोंदींचा कप्पा) उघडतं, बाकीच्या नोंदी पडून राहिल्या तर कुणाचं काय जातं.

सगळं पूर्ववत केलं, फक्त भाचा हिरमुसला म्हणून मेन्यू शो डिले ४०० मिलिसेकंदाचा ० तसाच ठेवला, सबमेन्यू जरा पटकन उघडतो एवढंच. आता तो तेवढंच दाखवून गावभर सांगतोय की पीसी त्याच्या फाईलीनं फास्ट झाला, आणि एसएसडीचे पैसे कशाचे म्हणून आप्पा मला विचारताय.