घरच्या घरी सेल्फ टॅन: एकसारखा चढवणं आणि टिकवणं, माझा अनुभव

सेल्फ टॅन, म्हणजे उन्हात न बसता बाटलीतल्या टॅनरने त्वचेवर चढवलेला तपकिरी रंग, चट्ट्याचट्ट्यांचा झाला की दोष बाटलीला दिला जातो. माझ्या अनुभवात बाटलीचा त्यात वाटा थोडाच असतो. हा रंग त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात तयार होतो. तो थर जिथे जाड आणि कोरडा तिथे रंग गडद, जिथे सुटत आलेला तिथे रंग दोन दिवसांत गायब. म्हणून लावण्याच्या अर्ध्या तासापेक्षा आदल्या दिवशीची तयारी मी जास्त मनावर घेते.

रंग चढवणारा मुख्य घटक म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन, थोडक्यात डीएचए. ही एक साधी साखर आहे. त्वचेतल्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होते आणि तपकिरी संयुगं बनतात. पाव भाजताना वर जो तांबूस रंग येतो, तीच ही मेलार्ड अभिक्रिया. १९५० च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात एव्हा विटगेनस्टाइन मुलांच्या एका आजारासाठी डीएचए तोंडावाटे देत होत्या. ते मुलांच्या अंगावर सांडलं, की काही तासांनी तिथली त्वचा तपकिरी झालेली दिसायची. आजच्या टॅनरची सुरुवात तिथली.

पहिल्यांदा लावणाऱ्यांनी ३ ते ५ टक्के डीएचए असलेला टॅनर घ्यावा. युरोपीय संघात कमाल मर्यादा १० टक्के आहे, पण गोऱ्या त्वचेला एवढी मात्रा झेपत नाही. जास्त डीएचए म्हणजे जास्त सुंदर रंग असं होत नाही, रंग नारिंगीकडे झुकतो. एरिथ्रुलोज हा जोडघटक असेल तर चांगलं. तो सावकाश रंगतो, पण डीएचएच्या जोडीला असला की छटा मऊ येते. प्रकारांत मी मूस, म्हणजे फेसासारखा टॅनर सुचवेन, तेही आत तात्पुरता रंग मिसळलेलं, म्हणजे कुठे लागलं आणि कुठे राहिलं ते तिथल्या तिथे दिसतं. नवं उत्पादन असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबायचं. खाज किंवा लाली आली नाही तरच पुढे.

आदल्या दिवशी शेव्हिंग किंवा वॅक्सिंग उरकायचं. त्याच दिवशी टॅनर लावला तर उघड्या रोमछिद्रांत रंग साठतो आणि पायांवर काळे ठिपके दिसतात. मग खरखरीत हातमोज्याने अंग घासायचं. तेलकट स्क्रब नको, त्याचा पातळ थर अंगावर राहतो आणि टॅनरला आत जाऊ देत नाही. गुडघे, कोपरं, घोटे आणि टाचा यांना दुप्पट वेळ द्यायचा. पोटऱ्यांवर जोर लावू नये.

लावायच्या दिवशी साधी अंघोळ, साबण पूर्ण धुऊन. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याचा अंश राहिला तर रंग एकसारखा चढत नाही. डिओडरंट, परफ्यूम, मॉइश्चरायझर काहीही लावायचं नाही. अंग गार आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं. मग गुडघे, कोपरं, घोटे, टाचा, मनगटं आणि बोटांची पेरं एवढ्यांवरच साध्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात फिरवायचा. या जागी रंग जास्त शोषला जातो, तो थोडा अडवायचा असतो. भुवया, केसांची कड आणि नखं यांवर पेट्रोलियम जेली लावायची. फिकट केस आणि नखंही रंग धरतात.

लावताना मिट, म्हणजे टॅनर लावायचा मऊ हातमोजा हवाच, नुसत्या हाताने तळवे नारिंगी होतात. सुरुवात पायांकडून करायची आणि वर जायचं. आधी वरचं अंग लावून मग पायांसाठी वाकलात तर पोटाच्या घडीत ओला रंग चिकटून रेघ उमटते. गुडघ्याखालच्या भागाला दोन पंप मूस, मांडीला दोन ते तीन, पोट आणि छाती मिळून तीन, प्रत्येक हाताला दोन. पंप मिटवर घ्यायचा, थेट अंगावर नाही. थेट घेतला की पडलेली जागा ताबडतोब गडद होते. मिट लांब, एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या पट्ट्यांत फिरवायची आणि शेवटी गोल फिरवून कडा मिसळायच्या. पाठीला लांब दांड्याची पट्टी किंवा दुसऱ्या कुणाचा हात लागतो.

पावलं आणि हातांचे पंजे यांना नवा मूस घ्यायचा नाही. पंजा वाघनखासारखा वाकवायचा म्हणजे पेरांवरची त्वचा ताणली जाते, आणि मिटवर उरलेला रंग मनगटाकडून बोटांकडे ओढायचा. बोटांमधल्या फटी आणि मनगटाची आतली बाजू कोरड्या मेकअप ब्रशने पुसून मिसळायची. टॅन कृत्रिम आहे हे पाहणाऱ्याला सगळ्यात आधी इथेच कळतं, म्हणून मी या जागेला घाई करत नाही. चेहऱ्याला वाटाण्याएवढा मूस मॉइश्चरायझरमध्ये मिसळून पुरतो. लगेच तळवे ओल्या कापडाने नीट पुसायचे.

दहा मिनिटं तसंच उभं राहून वाळू द्यायचं. मग सैल, गडद रंगाचे कपडे. पुढचे सहा ते आठ तास पाणी, घाम, व्यायाम, घट्ट पट्टे सगळं बंद. घामाचा एक ओघळसुद्धा स्पष्ट फिकट रेघ सोडतो. म्हणून रात्री लावणं सोयीचं. सकाळी कोमट पाण्याने, साबण न लावता, पाणी स्वच्छ वाहेपर्यंत धुवायचं. वाहणारं तपकिरी पाणी तात्पुरत्या रंगाचं असतं, घाबरू नये. खरा रंग २४ तासांपर्यंत गडद होत राहतो.

कुठे गडद डाग पडलाच तर त्यावर तेल लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ओल्या खरखरीत मोज्याने हलके चोळा. रंग वरच्या थरातच असल्यामुळे तो थर सैल झाला की उतरतो. राहून गेलेल्या फिकट जागेवर उरलेला टॅनर आणि मॉइश्चरायझर समप्रमाणात मिसळून ब्रशने भरावं.

टॅन साधारण पाच ते सात दिवस टिकतो, चेहऱ्यावर त्याहून कमी. कारण रंग त्वचेबरोबर झडतो. झडणं सावकाश झालं तर रंग एकसारखा उतरतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ मॉइश्चरायझर, अंघोळ कोमट आणि आटोपशीर. क्लोरीनचं पाणी, रेटिनॉल आणि ग्लायकोलिक आम्लासारखे त्वचा झडवणारे क्रीममधले घटक, वॅक्सिंग हे सगळे रंगाचे शत्रू. तिसऱ्या दिवसापासून कमी डीएचएचं लोशन दिवसाआड लावलं तर आणखी काही दिवस मिळतात.

आता दोन गोष्टी तब्येतीच्या. हा रंग उन्हापासून संरक्षण देत नाही, सनस्क्रीन नेहमीसारखंच लागतं, आणि लावल्यानंतरचा पहिला दिवस ऊन टाळलेलंच बरं. अमेरिकेतल्या एफडीए या औषध-प्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने डीएचएला फक्त त्वचेवर बाहेरून लावण्यासाठी मान्यता दिली आहे. डोळे, ओठ आणि श्वासावाटे आत जाणं त्यात बसत नाही. त्यामुळे घरी स्प्रेपेक्षा मूस किंवा लोशन मला जास्त पटतं.

जुन्या रंगावर पूर्ण टॅनरचा नवा थर चढवत राहू नका. दोन-तीनदा असं केलं की गुडघे-कोपरांवर मळ साठल्यासारखी खपली दिसते. जुना रंग तेल आणि मोज्याने पूर्ण उतरवायचा, त्वचेला एक दिवस विश्रांती द्यायची आणि मगच पुन्हा मिट हातात घ्यायची. उरलेली बाटली उष्णतेपासून दूर, घट्ट बंद ठेवायची. लोशनचा रंग पिवळट-तपकिरी झाला असेल किंवा वास उग्र झाला असेल तर त्यातला डीएचए बिघडलेला आहे, ती टाकून द्यावी.