मुलांचं काम करता, मग राजकारण्यांकडे कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे, आणि बहुतेक वेळा देणगी द्यायला आलेली माणसंच तो विचारतात: ‘मुलांचे हाल थांबवायचे तर निवारा काढा, समुपदेशक नेमा. लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवून काय मिळतं?’ निवारा हवाच. पण हाल होतात त्या घरातून मुलाला बाहेर कोण काढणार, कोणत्या अधिकाराने, आणि नंतरचा खर्च कोण उचलणार, हे निवाऱ्यात बसून ठरत नाही.

न्यूयॉर्कच्या मेरी एलनची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. 1874 साली, घरात सतत मार खाणाऱ्या या मुलीला सोडवायला कुणी पुढे येईना, तेव्हा एटा व्हीलर ही कार्यकर्ती थेट प्राण्यांसाठी काम करणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. ‘तेव्हा जनावरांसाठी कायदा होता, मुलांसाठी नव्हता,’ असं तात्पर्य लोक काढतात. ते खरं नाही. मुलांना अमानुष मारणं तेव्हाही गुन्हाच होता, आणि बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी तिला न्यायालयासमोर आणलं तेही आधीपासूनच्या कायद्याच्या आधारे. कायदा होता; तो वापरणं हे कुणाचं काम नव्हतं. आमच्या कामातला निम्मा वेळ आजही याच प्रश्नावर जातो.

उरलेला निम्मा कलमांच्या शब्दांवर. कॅलिफोर्नियात 2005 पर्यंत अशी स्थिती होती की मुलावर लैंगिक अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली बाहेर, सुटायची वाट त्याला कायद्यातच मिळे. बाहेरच्या माणसाला ती सवलत नव्हती. कितीही चांगल्या समुपदेशकाला ही वाट बंद करता आली नसती. ती कायदेमंडळातच बंद करावी लागली.

शिक्षा वाढवा म्हटलं की सगळे पक्ष आनंदाने हात वर करतात. त्याला पैसा लागत नाही आणि बातमीही चांगली होते. दुर्लक्षाचं तसं नाही. उपाशी, आजारी, दिवसदिवस एकटं कोंडलेलं मूल पहिल्या पानावर येतं ते बहुधा मेल्यावर. तिथे हवी असतात घरी जाऊन चौकशी करणारी माणसं, पाळणाघरं, आईबापांच्या व्यसनावर उपचार, आणि हे सगळं दरवर्षी. डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी 1962 साली मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख लिहिला, त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी अशा मारहाणीचा संशय कळवण्याचे कायदे केले. इतकी घाई सरकारं क्वचितच करतात. पण कळवायला लावणं स्वस्त असतं. कळवल्यावर त्या घरी जाणारा माणूस नेमणं महाग.

स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली, तेव्हा त्या तरतुदीला वेगळी शिक्षाच जोडली नव्हती. माहिती मात्र घरोघर पोचवली, अगदी दुधाच्या खोक्यांवर छापून. आमच्याकडच्या तापट कार्यकर्त्यांना हे उदाहरण आवडत नाही. मला फार आवडतं.

मुलांना मत नाही. ज्यांना आहे ते आईबाप, आणि बरेचदा तक्रार त्यांच्याविरुद्धच असते. मग कोणता लोकप्रतिनिधी आपणहून यात पडेल? म्हणून कुणीतरी पाठीशी लागावं लागतं, सगळ्याच पक्षांच्या. आम्ही कुणाचा प्रचार करत नाही. ज्याच्याशी इतर बाबतीत अजिबात पटत नाही त्याचंही मत मुलांच्या संरक्षणाच्या विधेयकाला मागतो.

तेव्हा देणगी निवाऱ्याला द्यायची असेल तर जरूर द्या, तिथे गरज आहेच. आम्हाला दिलीत तर हसऱ्या मुलांचे फोटो येणार नाहीत. अर्थसंकल्पात बालसंरक्षणाची किती पदं मंजूर झाली आणि त्यातली प्रत्यक्षात किती भरली, तेवढं कळवू.