तुम्ही विचारलंत म्हणून: अंड्याशिवाय पास्ता होतो का?

मी घरी हाताने ताजा पास्ता करते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अंडं घालावं लागतं ना?" नाही म्हटलं की दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात: "मग तो खरा पास्ता कसा?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात झालं. दुसऱ्याचं मात्र मला सविस्तर द्यायचंय, कारण या एका समजुतीपायी कितीतरी शाकाहारी घरांत कुणी हे करून बघायलाही जात नाही.

आधी फडताळातलं स्पॅगेटीचं पाकीट काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा रवा, बहुतेक वेळा एवढंच असतं. इटलीत १९६७ च्या कायद्याने वाळवलेल्या पास्त्याला ड्युरम गहूच हवा असं ठरवलं. अंडं घातलेला पास्ताही मिळतो, पण तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे खातोय तो पास्ता अंड्याशिवायचाच आहे.

अंड्याची रीत उत्तरेकडची. उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराच्या आसपास मऊ गव्हाचं पीठ वापरतात, आपल्या मैद्याच्या जवळचं. १०० ग्रॅम पिठाला एक अंडं, पाणी नाही. मऊ गव्हाचं पीठ नुसत्या पाण्यात भिजवून शिजवलं तर लवकर बुळबुळीत होतं. अंडं शिजताना घट्ट होतं आणि त्या नाजूक पट्ट्यांना धरून ठेवतं. तिथल्या तालियातेल्ले या पट्ट्यांची कृती १९७२ मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, आणि सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून जपलेली. फार सुंदर पास्ता आहे तो. फक्त, तो एका प्रांताचा आहे.

दक्षिणेकडचा पुलिया प्रांत, नकाशातल्या त्या बुटाची टाच, ड्युरमच्या शेतांचा. ड्युरमचा दाणा कडक, काचेसारखा. त्याच्या रव्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे नुसत्या पाण्यावर असं पीठ होतं की उकळत्या पाण्यातही आकार सोडत नाही. तिथल्या रोजच्या पास्त्यातून कुणी अंडं काढलेलं नाही. त्यात ते नव्हतंच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी लेक पुलियातल्या बारी शहरात शिकत होती, तेव्हा मी तिच्याकडे दोन महिने राहिले. जुन्या बारीत, किल्ल्याच्या समोर, आर्को बास्सो नावाची कमान आहे. तिच्या आतल्या गल्लीत बायका दारासमोर टेबलं मांडून ओरेक्किएत्ते करतात. ओरेक्किएत्ते म्हणजे इवलेसे कान. शेजारी लाकडी चौकटीला जाळी ठोकलेले मोठे ट्रे, त्यांवर शेकडो कान सुकत पडलेले. भाजी आणायला म्हणून मी रोज त्याच गल्लीतून जायचे. आठवडाभराने तिथल्या एका आजींनी काही न बोलता पाट माझ्याकडे सरकवला आणि हातात सुरी दिली.

त्यांचं प्रमाण असं: दोनदा दळलेला ड्युरमचा रवा, त्याच्या निम्मं कोमट पाणी. सुरुवातीला पीठ भुसभुशीत राहतं, गोळा होईलसं वाटतच नाही. इथेच आपला हात पाण्याकडे जातो. माझाही गेला, आणि आजींनी मनगट धरलं. लेक म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, पाणी नको, जोर लाव." दहा-बारा मिनिटं तळहाताच्या टाचेने रेटत मळलं की त्याच पाण्यात ते गुळगुळीत होतं. मग वर वाडगं उपडं घालून अर्धा तास ठेवायचं. या अर्ध्या तासात घाई करू नका. ताठरलेलं पीठ सैल पडतं आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मग करंगळीच्या जाडीच्या लांब वळ्या करायच्या आणि सेंटीमीटरभराचे तुकडे कापायचे. गोल टोकाची बोथट सुरी तुकड्यावर दाबून स्वतःकडे ओढायची. पीठ पाटाला चिकटू बघतं, सुरी त्याला ओढते, आणि त्या ओढाताणीत ते पातळ होऊन सुरीवर वळतं. ती वळलेली शिंपली अंगठ्याच्या टोकावर उलटी केली की झाला कान. सुरीने ओरखडलेली खरखरीत बाजू आता बाहेर येते, आणि रस धरतो तो तिच्यामुळे. पाट लाकडीच घ्या. ओट्याच्या ग्रॅनाइटवर पीठ नुसतं घसरतं. "पियानो, पियानो," आजी म्हणत राहायच्या. सावकाश, सावकाश. चौथ्या दिवशी माझे कान त्यांच्या जाळीवर, त्यांच्या कानांत मिसळले, तो आनंद मला अजून तसाच आठवतो.

पुण्यात मी बन्सी रवा आणते. बन्सी म्हणजे ड्युरमच. मिक्सरमधून फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळते. २५० ग्रॅमला सव्वाशे मिलिलिटर पाणी, तिघांचं जेवण होतं. बारीत यावर चीमे दि रापा ही कडसर पालेभाजी घालतात. भाजी आणि पास्ता एकाच पातेल्यात उकडतात, वरून ऑलिव्ह तेलात परतलेला लसूण आणि मिरची. मी मोहरीचा पाला घेते. चीझ नको, त्याऐवजी कुरकुरीत परतलेला पावाचा चुरा. त्या भागातलीच ही पद्धत आहे आणि मला ती चीझपेक्षा जास्त आवडते.

परत आल्यावर पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. त्या अंडं खात नाहीत. दोन-चार कान निरखून म्हणाल्या, "अगं, हे तर नखुले." मग सांगायला लागल्या. माहेरी लग्न ठरलं की वाड्यातल्या बायका दुपारी जमायच्या, गव्हले, बोटवे, नखुले वळायच्या. वाळवून रुखवतात मांडायचं, मग खीर.

"आई, वळून बघता?" मी विचारलं. कितीतरी वर्षांत त्यांनी वळले नव्हते. मी सुरी पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. हरभऱ्याएवढा गोळा चिमटीत घेतला, अंगठ्याच्या नखाने दाबला, आणि पाटावर एक नखुला पडला. मग दुसरा. उरलेलं सगळं पीठ त्यांनीच संपवलं. दोन्ही एकाच पातेल्यात सोडले. नखुले जरा जाड होते, त्यांना दोन मिनिटं जास्त लागली.