चामखीळ नव्हती ती

कुडाळला दवाखाना थाटून मला चार पावसाळे झाले होते. आबा आले ते लुंगी वर धरूनच. उजव्या घोट्याच्या वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत चट्टा, त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. "चामखीळ म्हणान सोडललंय. करवंदीचो काटो लागललो, तेका धा वर्सां झाली." मध्ये कुणी तरी कातडीचा टीबी समजून सहा महिने गोळ्याही दिल्या होत्या. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. असे किती चट्टे मी स्वतः चामखीळ म्हणून जाळले असतील, देव जाणे.

काळे ठिपके हीच खूण. खरवडायचं ते तिथूनच, बाजूच्या पांढऱ्या पापुद्र्यातून नाही. ब्लेडने एक ठिपका उचलला, काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि चहा होईस्तोवर थांबलो. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, जाड सालीच्या गोल पेशी, मध्ये आडव्या-उभ्या भिंती. पुस्तकात यांना तांब्याची नाणी म्हणतात. क्रोमोब्लास्टोमायकोसिस! कातडीत शिरलेल्या बुरशीचा आजार.

ही बुरशी मातीत, कुजक्या लाकडात, काट्याकुट्यात असते. काट्याबरोबर कातडीत शिरते आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. माणसाकडून माणसाला लागत नाही. आबांचं घरात ताट वेगळं होतं, ते आधी बंद करायला लावलं. १९११ साली ब्राझीलमध्ये पेद्रोसो यांनी हा आजार पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो आला २०१७ मध्ये. काटा रुततो तो अनवाणी पायात, मग घाई कुणाला असणार?

निदान चहाच्या वेळात झालं. खरा वनवास पुढे. इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची कॅप्सूल रोज, महिनोन्‌महिने, तेही भरल्या पोटी. आबा पित्तावर गोळी घ्यायचे, ती थांबवली. पोटात आम्ल कमी असलं की ही कॅप्सूल अंगी लागत नाही. अधूनमधून लिव्हरची तपासणी. शिवाय या बुरशीला उष्णता सोसत नाही, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. चट्टा बसू लागला.

जुलैत आबा गायब. उगवले ते चतुर्थीनंतर. "तरवो काढूक माणूस गावना नाय, गोळ्ये खंय लक्षात ऱ्हवतत?" काळे ठिपके परत आलेले. मी चिडलो, बोललोही. रात्री लक्षात आलं, मी गोळीची वेळ घड्याळावर सांगितली होती आणि आबांकडे घड्याळच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबी आजींच्या हातात दिली. ती दुपारच्या भाताच्या टोपाशेजारी राहू लागली. त्यानंतर एक दिवस चुकला नाही.

सोळा महिने लागले. लागोपाठ दोनदा खरवडून पाहिलं, नाणी दिसली नाहीत. चट्ट्याच्या जागी फिकट, गुळगुळीत वण. तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं, असं बजावलं.

"आणि बागेत गमबूट घालायचे, आबा."

"घालतंय तर!"

ते निघाले तेव्हा मी दाराबाहेर डोकावलो. पायपुसण्यापाशी चपलासुद्धा नव्हत्या.