उणे अर्धा अंश

२००८ सालच्या मार्च महिन्यात निफाड तालुक्यातील एका शीतगृहातून मला सलग तिसऱ्या दिवशी फोन आला. द्राक्षे भरलेल्या दोन नंबरच्या खोलीचे तापमान संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून साडेसहा हजार अंशांच्या वर दिसत होते, आणि तसे दिसले की भोंगा वाजत होता. लोखंडसुद्धा १५३८ अंशांना वितळते, त्यामुळे आकडा खोटा आहे हे उघडच होते. परंतु भोंगा म्हणजे खोली तापली, एवढेच शिकवलेल्या वॉचमनने आदल्या रात्री कॉम्प्रेसर हाताने सुरू ठेवला होता आणि खोली उणे १.४ अंशांपर्यंत उतरली होती. आणखी थोडी उतरली असती, तर घडांचे देठ गोठण्याची भीती होती.

ही संगणकप्रणाली चार महिन्यांपूर्वी मीच बसवून दिली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत माझा सगळा संशय वायरिंगवर होता, कारण खोटा आकडा नेमका कॉम्प्रेसरची फेरी संपत येताना उगवत असे आणि मोटार थांबल्यावर थोड्या वेळाने नाहीसा होत असे. मोटारीमुळे सिग्नलच्या वायरीत गडबड होणे ही आमच्या धंद्यातील रोजची गोष्ट. म्हणून मी अर्थिंग तपासले, साठ मीटर शिल्डेड केबल नवी ओढली आणि सेन्सर काढून बर्फाच्या चुऱ्याने भरलेल्या बादलीत बुडवून पाहिला. पडद्यावर ०.१ आणि मग ०.० आले आणि मी समाधानाने घरी गेलो. त्या बादलीने मला फसवले हे नंतर कळले. वितळत्या बर्फाचे तापमान शून्याच्या खाली जात नाही, आणि दोष तर शून्याच्या खालीच दडून बसला होता.

तिसऱ्या रात्री मी पडद्यावरच्या आकड्यांकडे पाठ फिरवली, लॅपटॉप थेट आरएस-४८५ च्या, म्हणजे यंत्रांमध्ये माहिती नेणाऱ्या जोडणीच्या, दोन वायरींना जोडला आणि सेन्सरचे तापमान संगणकाकडे पाठवणारा कंट्रोलर जे बाइट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतो ते जसेच्या तसे षोडशमान पद्धतीत, म्हणजे हेक्समध्ये, पाहत बसलो. प्रत्येक उत्तरात आधी कंट्रोलरचा पत्ता, मग कामाचा क्रमांक, मग पुढे किती बाइट आहेत तो आकडा, त्यानंतर तापमानाचे दोन बाइट आणि शेवटी तपासणीचे दोन बाइट येत होते. कॉम्प्रेसर चालू होता. तापमानाच्या जागी ०० ०३ आले, मग ०० ०२, ०० ०१, ०० ००, आणि त्यानंतर एफएफ एफएफ. पुढे एफएफ एफई, एफएफ एफडी. तारेतील गडबड इतकी शिस्तीने पायऱ्या उतरत नाही. मी कपाळावर हात मारला.

मालकांचे वडील, सगळे ज्यांना आबा म्हणत, शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारले, “साहेब, हे एफ कसले? आकड्यांत अक्षरं कशाला?” दहा ते पंधरा या संख्यांसाठी एकेकच चिन्ह हवे म्हणून ए ते एफ ही अक्षरे घेतली आहेत, आणि सोळा झाले की डावीकडच्या घरात एक हातचा जातो, असे मी सांगू लागलो, तोच ते म्हणाले, “म्हणजे आणे की! पंधरा आण्यांपुढं रुपया.” १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा ते पंचविशीत होते, सोळाचा हातचा त्यांच्या बोटांवर होता. एफएफ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, अर्थात २५५ आणे, हा हिशेब त्यांनी माझ्याआधी केला. वर्गात मला हे असे कोणी शिकवले असते तर बरे झाले असते.

उणे आकड्याचे कोडे मी त्यांना स्कूटरच्या किलोमीटरच्या चक्रावरून सांगितले. चक्र ००००० वर असताना एक घर मागे फिरवले तर ते ९९९९९ दाखवते. त्याचप्रमाणे दोन बाइटांत शून्यातून एक वजा केला की चारही घरांत एफ येतो. कंट्रोलर तापमान दहापटीने पाठवत असल्याने उणे अर्धा अंश म्हणजे उणे पाच, आणि उणे पाच म्हणजे एफएफ एफबी. पहिले घर आठ किंवा त्याहून मोठे असले की संख्या ऋण समजायची, हा कंट्रोलरचा संकेत होता. मी मात्र प्रणालीत त्या खोलीची नोंद भरताना चिन्हरहित संख्येचा, म्हणजे उणे आकडे न मानणारा, पर्याय निवडला होता, म्हणून संगणक एफएफ एफबी ६५५३१ असे वाचून, दहाने भागून, ६५५३.१ अंश दाखवत होता. डिसेंबरात चाचणी झाली तेव्हा खोलीत डाळिंबे होती आणि तापमान पाच अंश होते, त्यामुळे चूक झाकली गेली. कॉम्प्रेसरचा संबंध एवढाच, की तो उणे ०.५ वर थांबत असे, म्हणजे शून्याची रेघ त्याच्या फेरीच्या अखेरीस ओलांडली जाई.

आदल्या रात्रीची नोंद उघडली तेव्हा ६५५३.१ वरून आकडा हळूहळू ६५५२.२ पर्यंत उतरलेला दिसला. भोंगा तापल्याची वर्दी देत होता आणि आकडा मुकाट्याने थंडावा मोजत होता. दशमानात तो नुसता वेडगळ वाटला, म्हणून मी त्याकडे नीट पाहिलेच नाही.

दुरुस्तीला दोन मिनिटेही लागली नाहीत. चारही खोल्यांच्या नोंदी बदलून आम्ही पुढच्या फेरीची वाट पाहत बसलो. ०.१, ०.०, उणे ०.१ असे करत उणे ०.५ वर कॉम्प्रेसर थांबला आणि भोंगा गप्प राहिला. पहाटे निघताना आबांनी नव्या केबलचे किती झाले ते विचारले. ते बिल मी लावले नाही.